बाही चोवीस

फोन आला तेव्हा ताई एका गृहस्थांना भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होती. गृहस्थ सत्तरीचे, हट्टी, आणि शेवटची ओळ घरून पाठ करून आलेले. चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं काढल्यावर असल्या लबाड्या ताईला न बघता कळत. तिने गुपचूप तक्ता बदलला, गृहस्थ अडखळले, आणि तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. लोक विसरून गेलेले जुने अल्बम आपण शोधून काढतो आणि मोठ्या काळ्या रेकॉर्डवर पुन्हा आणतो, असं त्याने सांगितलं. मग जरा थांबून त्याने विचारलं, की 'रस्ता कुणाच्या बापाचा' हा अल्बम आपलाच ना?

ताई मटकन स्टुलावर बसली. स्टुलावर त्या गृहस्थांचा चष्मा ठेवलेला होता. त्याची एक काच गेली आणि एक काडी गेली. पुढच्या आठवड्यात जे जे काही मोडलं, त्याची सुरुवात ही अशी झाली.

अल्बम ताईचाच होता. ताईचा आणि लंबूचा. लंबू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पंधराव्या वर्षीच दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागला म्हणून घरात सगळे त्याला लंबू म्हणायचे. तो पंधराचा आणि ती सतराची असताना दोघांनी हा उद्योग केला होता. आजीकडून ऐकलेल्या जुन्या चाली घ्यायच्या, त्यांना ताईची गिटार आणि लंबूचा माउथ ऑर्गन जोडायचा आणि शब्द आपले घालायचे, असा एकूण बेत. वडील रोडरोलर चालवायचे. त्यामुळे रस्ता कुणाच्या बापाचा, या प्रश्नाचं उत्तर निदान त्या घरात तरी सगळ्यांना ठाऊक होतं. वडील मात्र हा टोमणा आपल्यालाच आहे असं धरून पुढे पंधरा दिवस गप्प गप्प होते.

एका मेकॅनिकच्या गॅरेजात, एका माइकवर, एका दिवसात आठ गाणी झाली. माइक एकच, म्हणून ताई पुढे उभी राहिली आणि लंबू तिच्या मागे. दोनशे कॅसेट निघाल्या. एका वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आल्या, त्याही भलत्याच दोन मुलांच्या फोटोखाली. आठ कॅसेट खपल्या, त्यातली एक मामाने घेतली. उरलेल्या एकशे ब्याण्णव खोक्यात भरून पलंगाखाली गेल्या. ताई तेव्हा लंबूला म्हणाली, "आपलं कुणी ऐकत नाही रे." गिटार कपाटामागे सरकवून महिन्याभरात ती डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावी निघून गेली. लंबू घरीच राहिला, आणि एकोणिसाव्या वर्षी तीन दिवसांच्या तापात गेला. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात गाणं हा विषय कुणी काढला नाही आणि पलंगाखालचं खोकं कुणी ओढलं नाही.

आणि आता हा माणूस म्हणत होता की अल्बम थोर आहे. त्याला एक कॅसेट एका भंगाराच्या दुकानात मिळाली होती.

"विशेषतः ती सुरुवात, मॅडम," तो म्हणाला. "एक बाई अगदी कोरड्या आवाजात कुणा पोस्टमास्तरच्या शरीराची मापं सांगतेय. छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस. चांगली सहा मिनिटं. आणि मग एकदम तुमचं गाणं फुटतं. डबीत कापडाचा तुकडा. त्या काळात हे सुचलं कसं तुम्हाला?"

ताईला यातलं अक्षर कळलं नाही. असली कुठलीही बाई त्यांच्या अल्बमात नव्हती. तसं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी कौतुक करत होतं. आलेलं कौतुक पत्ता चुकलाय म्हणून परत कोण पाठवतं?

"सुचलं," ताई म्हणाली.

रेकॉर्डवाल्याने आनंदाने सांगितलं की त्याने या मापांवर बारा पानी लेख लिहून ठेवला आहे. त्याची स्वतःची कॅसेट तिसऱ्या गाण्यावर अडकते, तेव्हा त्याला चांगल्या प्रती हव्या होत्या. रविवारी तो यंत्र घेऊन घरी येणार होता. ताईने घरी खोकंभर कॅसेट आहेत असं सांगितलं, फोन ठेवला आणि चष्मा फुटलेल्या गृहस्थांची माफी मागितली. गृहस्थ म्हणाले, मला त्यातून तसंही काही दिसत नव्हतं.

घरी आई खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी शर्टाला काज करत होती. आई शिंपीण. वय एकोणऐंशी, हात अजून स्थिर, डोळे अधू. लेक चष्म्याच्या दुकानात असून आईने आजवर एकदाही डोळे तपासून घेतले नव्हते. सुईत दोरा मात्र दुसऱ्याकडून ओवून घ्यायची. तिच्या डोक्यावर भिंतीवर लंबूचा फोटो होता. सोळा वर्षांचा, दात काढून हसणारा, निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या फोटोकडे बघून आई रोज एकदा तरी म्हणायची, "एवढी सुरेख बाही शिवून दिली, आणि पठ्ठ्याने एक दिवस सरळ घातली नाही. मवाल्यासारखा दुमडून हिंडला."

रेकॉर्डवाला येणार हे ऐकल्यावर आईने सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "लंबूचा आवाज घरात वाजून किती वर्षं झाली गं. तू गप्प, मी गप्प. मला वाटलं, आता असंच जायचं." आणि लगेच तिने रविवारी जेवायला काय करायचं ते ठरवायला घेतलं.

ताईने खोकं ओढलं. प्रत्येक डबीत खरंच कापडाचा एकेक तुकडा होता, बोटभर, वेगवेगळ्या रंगाचा. कॅसेट खुळखुळू नयेत म्हणून आईने घातले असतील, असं तिला वाटलं. दहा कॅसेट पिशवीत टाकून आईचा जुना टेपरेकॉर्डर घेऊन दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. कानात इअरफोनची बोंडं घालून तिने पहिली कॅसेट लावली.

पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला लंबू एकटा गायचा. सगळ्या अल्बमात तेवढ्याच दोन ओळी त्याच्या एकट्याच्या होत्या. बाकी सगळीकडे ताई पुढे आणि तो मागे.

रस्ता कुणाच्या बापाचा, सांगेल का कुणी मला,
केव्हाच निघालो असतो, पण बूट सापडेना मला.

दुसऱ्या ओळीवर त्याचा आवाज फाटायचा. वयच तसं होतं. गॅरेजवाला म्हणाला होता, पुन्हा घेऊ. लंबू म्हणाला होता, असू दे, बूट सापडला नाही की माणसाचा आवाज असाच होतो. ताईने डोळे मिटून वाट पाहिली.

"शाळेचा शिपाई," तिच्या कानात आईचा आवाज म्हणाला. "पॅन्ट. कंबर छत्तीस. उंची अडतीस. मांडी सैल हवी म्हणतो, सायकल चालवतो."

ताईने दुसरी कॅसेट लावली. त्यात एका मास्तरणीचा स्कर्ट होता. तिसरीत जुळ्या मुलींचे फ्रॉक, चौथीत कुणाच्या तरी खिडकीचे पडदे. दुपारपर्यंत दहाच्या दहा कॅसेट झाल्या आणि ताईला घाम फुटला. त्या दिवशी एका बाईंना तिने चष्म्याचा नंबर लिहून दिला त्यात डाव्या डोळ्यापुढे 'कंबर अडतीस' असं लिहिलं. बाई तो कागद घेऊन दोन दुकानं फिरून परत आल्या.

आता तिच्या लक्षात सगळं आलं. आईला मापं लिहून घ्यायचा कायमचा वैताग. तोंडात टाचण्या, हातात टेप, आणि लिहिलेल्या चिठ्ठ्या केर काढताना जायच्या. तेव्हा ती कॅसेटवर मापं बोलून ठेवायची. एका गिऱ्हाइकाला एक कॅसेट, ओळख पटावी म्हणून डबीत त्याच्याच कापडाचा तुकडा. कोऱ्या कॅसेट आणायच्या कुठून? घरात एकशे ब्याण्णव पडलेल्या होत्या. रेकॉर्डवाल्याच्या कॅसेटवरच्या त्या पोस्टमास्तरांचा कोट शिवून झाल्यावर कॅसेट बहुतेक कोटाच्या खिशातच गेली असणार, आणि कोटाबरोबर भंगारात.

ताईला राग यायला हवा होता. तिला आली ती भीती. आई टेपरेकॉर्डरला कपाट समजत असणार, एका घडीवर दुसरी घडी ठेवली म्हणून खालची कुठे जात नाही. आपण मापं सांगत होतो तेव्हा दर खेपेला लंबूच्या त्या दोन ओळी पुसल्या जात होत्या, हे तिला कुणी सांगितलंच नसेल. रविवारी रेकॉर्डवाला यंत्र लावेल, वरमाईसारखी आई पुढे खुर्ची घेऊन बसेल, आणि लेकाच्या आवाजाच्या जागी तिला स्वतःचा आवाज ऐकू येईल. ज्या बाईने लेक गमावला तिलाच सांगायचं, की त्याचा आवाजही तूच पुसलास. हे आईला कळता कामा नये, एवढंच ताईने ठरवलं, आणि त्या एका निश्चयापायी तिच्या नाकी नऊ आले.

आधी तिने आईला सांगितलं की रेकॉर्डवाल्याचं येणं रद्द झालं. अर्ध्या तासात रेकॉर्डवाल्याचा घरी फोन आला, तो आईने उचलला आणि त्याला भाजी कुठली आवडते ते विचारून घेतलं. मग ताई म्हणाली की कॅसेटना बुरशी आलीय, वाजणार नाहीत. आई म्हणाली, बुरशीला ऊन. ताई कामावरून आली तेव्हा सगळ्या कॅसेट गॅलरीच्या कठड्यावर ओळीने वाळत पडल्या होत्या. खाली शेजारीण उभी होती आणि हे कसलं वाळवण म्हणून विचारत होती. त्यातल्या चार कॅसेट वाऱ्याने तिच्या डोक्यात पडल्या होत्या, हे तिने नंतर सांगितलं.

शेवटी ताईने खपलेल्या आठ कॅसेटचा माग काढायचं ठरवलं. त्या तरी आईच्या तावडीतून सुटल्या असतील. पहिला फोन मामाला.

"मामा, आमची कॅसेट आहे का रे तुझ्याकडे?"

"होती की," मामा म्हणाला. "तुझ्या आईने परत नेली. कोऱ्या संपल्या म्हणाली."

"कोरी नव्हती ती."

"ते मला काय माहीत? मी कुठे ऐकली होती?" मामा म्हणाला, आणि मग जरा ओशाळून म्हणाला, "ऐकणार होतो."

बाकीच्यांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. ताईची संगीताची बाई, वाचनालयाचा ग्रंथपाल, वडिलांचा रोलरवरचा जोडीदार, सगळ्यांकडे आई जाऊन आली होती. आईचं शिवणकाम अल्बमपेक्षा पुष्कळ बरं चाललं होतं. दोनशेच्या दोनशे कॅसेट तिने वापरून संपवल्या होत्या.

गुरुवारी ताईच्या ध्यानात एक गोष्ट आली. माप संपलं की आई बटण बंद करायची, आणि त्याच्यापुढे गाणं तसंच शिल्लक होतं. कोटाला सहा मिनिटं लागत, फ्रॉकला दोन. म्हणजे लहान मापांच्या कॅसेट शोधल्या तर जवळजवळ सगळा अल्बम हाती लागत होता. तिने दुकानात बसून एकेक कॅसेट घड्याळ लावून ऐकली. सगळ्यात छोटं माप निघालं एका उशीच्या अभ्र्याचं. लांबी, रुंदी, बस. चाळीस सेकंद.

लंबूच्या दोन ओळी पस्तीस सेकंदांच्या होत्या.

अभ्रा संपला की ताईचा स्वतःचाच सतरा वर्षांचा आवाज सुरू व्हायचा, खणखणीत, माइकला नाक लावून. त्याच्या मागे कुठेतरी लंबू. तिने आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, एक बोंड काढून पाहिलं. जिथे तिथे ती स्वतःच आडवी येत होती. त्या दिवशी तिला कळलं की आपण हे सगळं आईसाठी करतोय असं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्या पस्तीस सेकंदांसाठी तिने काहीही दिलं असतं.

रविवारी रेकॉर्डवाला आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, हातात मोठं यंत्र, अंगात खांद्यावरून उतरणारं जाकीट. ताईने त्याला जिन्यातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती बाई म्हणजे माझी आई, ते माप म्हणजे पोस्टमास्तरांचा कोट, आणि प्रयोग वगैरे काही नाही.

रेकॉर्डवाला पायरीवर बसला. "बारा पानं," तो म्हणाला. "पोट म्हणजे समाजाची भूक, असं लिहिलंय मी."

"पोट म्हणजे पोस्टमास्तरांचं पोट," ताई म्हणाली. "आईसमोर फक्त दुसरी बाजू लावा. तिच्यावर तिने काही बोललेलं नाही. पहिली बाजू लावायची नाही, काहीही झालं तरी. एवढं करा."

माणूस भला होता. तो हो म्हणाला.

आईने धुतलेलं पातळ नेसलं होतं आणि खुर्ची यंत्रासमोर ओढून घेतली होती. पण तिने आधी त्याला उभं राहायला सांगितलं, जाकीट मागून ओढून पाहिलं, आणि तुमचा डावा खांदा उतरलेला आहे, ज्याने शिवलं त्याने बघितलंच नाही, असं सांगून मग बसली. रेकॉर्डवाल्याने आपल्या कॅसेटची दुसरी बाजू लावली. गाणं वाजलं. दोन पोरं तारस्वरात गाऊ लागली, माउथ ऑर्गन कडेकडेने पळू लागला. आई मान हलवत ऐकत होती. चारही गाणी संपली.

"आता पहिली," आई म्हणाली.

रेकॉर्डवाल्याने ताईकडे पाहिलं. मग त्याने दोनचार बटणं उगाच दाबली आणि यंत्र बिघडलं असं जाहीर केलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा तो लाल झाला. आई उठली. तिच्या शिलाई मशीनलाही असे झटके यायचे आणि त्यावर तिचा एकच इलाज होता. कुणी काही म्हणायच्या आत तिने कॅसेट उलटी घातली आणि यंत्राच्या कुशीत एक गुद्दा हाणला. यंत्र निमूटपणे चालू झालं.

"पोस्टमास्तर," आईचा चव्वेचाळीस वर्षांचा आवाज म्हणाला. "कोट. छाती बेचाळीस. पोट चव्वेचाळीस."

ताईने डोळे मिटून घेतले. खोलीत कोट पुढे चालला होता, खांदा, पाठ, कॉलर. रेकॉर्डवाला जमिनीकडे बघत होता. ताईला वाटलं, आता आई काही विचारेल आणि आपल्याला सांगावं लागेल.

"त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब होता," आई म्हणाली. "शिक्के मारून मारून."

"आई," ताई म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"की यावर बोललं की खालचं गाणं पुसलं जातं."

आईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ताईने सुईला टोक असतं का असं विचारलं होतं. "मीच बोलले ना त्यात? मला माहीत नसेल तर कुणाला? लंबूने सांगितलं होतं सगळं. त्यानेच शिकवलं मला. त्या कॅसेटच्या पाठीला भोक असतं, त्यावर चिकटपट्टी लावली की बोलता येतं, ते त्यानेच लावून दिलं खोक्यातल्या सगळ्या कॅसेटना. तू गेल्यावर."

"त्याने?"

"म्हणाला, आई, आमचं कुणी ऐकत नाही असं ताई म्हणते. निदान तुझ्या कामाला येऊ देत." आईने पदराने नाक पुसलं. "मी म्हटलं, तुमचं गाणं जाईल रे. तर म्हणतो, सुरुवातीचं माझं एकट्याचं आहे, ते गेलं तर चालेल. ताईचं ठेव."

ताईने शेजारची एक कॅसेट उचलली आणि तिच्या पाठीवरची चिकटपट्टी बोटाने चाचपली.

"आणि कुणी ऐकत नाही म्हणे," आई पुढे म्हणाली. "कापड बेतायला घेतलं की गिऱ्हाइकाची कॅसेट लावायची. माप संपलं की तुम्ही दोघं सुरू. माझ्या हातात कात्री, बंद कोण करणार? रोज ऐकलंय मी. दिवसाला चार चारदा. एवढा एक कोट बेतायला अख्खा अल्बम लागायचा. लंबू गेला तेव्हा मात्र बंद केलं. वही आणली."

रेकॉर्डवाल्याने घसा साफ केला आणि हळूच विचारलं, की काकू, मग त्या पहिल्या ओळी कुठेच नाहीत का?

"ओळी नाहीत," आई म्हणाली. ती उठून शिलाई मशीनपाशी गेली. मशीनच्या ड्रॉवरमध्ये रिळं आणि खडू यांच्याखाली जुन्या पंच्यात गुंडाळलेली एक कॅसेट होती. डबीत निळ्या कापडाचा तुकडा. "ही पहिली. त्याने शिकवलं ती. तो गेल्यापासून लावली नाही. फीत जुनी झाली, तुटेल म्हणून भीती वाटते. नुसती आहे, तेवढंच बरं होतं. पण तुमचं यंत्र चांगलं दिसतंय."

आपण या यंत्राला थोड्या वेळापूर्वी गुद्दा मारला होता, हे ती विसरली होती. रेकॉर्डवाल्याने कॅसेट दोन्ही हातांनी घेतली. फीत पेन्सिलीने हळूहळू ताणली, एका कापसाने यंत्राचं तोंड पुसलं, वाजता वाजता त्याची प्रत निघेल अशी सोय केली, आणि बटण दाबलं. थोडी खरखर झाली. मग एक मुलगा हसत बोलू लागला, एकटाच, मागेपुढे कुणी नाही.

"आई, लाल बटण दाबलंय. बोल आता."

"काय बोलू?"

"माप गं. माझंच घे. घे टेप."

"सरळ उभा राहा. खांदा सोळा. छाती बत्तीस. जेवतोस की नाही तू? हसू नकोस, टेप हलते. बाही चोवीस."

"पंचवीस."

"चोवीस."

"अगं, हात सरळ केला की पंचवीस होते. बघ तरी."

"शिंपी मी की तू? बाही चोवीस. माया दीड इंच."

"बरं बाई, चोवीस," मुलगा म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. "कर आता बंद. पुढे आम्ही आहोत."

खट्ट असा आवाज झाला आणि पुढे खरंच ते दोघं होते, गात.

ताईला रडू आलं आणि ती रडली, एकतीस वर्षांचं. रेकॉर्डवाल्याने गाणं संपेपर्यंत तिच्याकडे बघितलं नाही. मग यंत्र थांबवून त्याने सांगितलं की प्रत निघाली आहे, आता फीत तुटली तरी हरकत नाही. आणि परवानगी असेल तर त्याला रेकॉर्डची सुरुवात इथूनच करायची होती. लेखाची बारा पानं त्याने फाडायची ठरवलं होतं.

आई भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. दुमडलेल्या बाह्यांकडे.

"पंचवीस म्हणत होता तो," ती म्हणाली. "दोनदा म्हणाला. मी ऐकलंच नाही."

"आई, असू दे गं," ताई म्हणाली.

"तोकडी झाली असणार. मनगटाच्या वरच राहायची असणार. म्हणून दुमडून घालायचा. आणि मी रोज बोलायचे त्याला, मवाल्यासारखा हिंडतोस म्हणून. एका शब्दाने म्हणाला नाही, की आई, तुझं चुकलंय." तिने रेकॉर्डवाल्याकडे पाहिलं. "घ्या तुम्ही रेकॉर्डवर. माझी ना नाही. फक्त बाही पंचवीस करून घ्या."

रेकॉर्डवाल्याची पंचाईत झाली. त्याने फार हळुवारपणे समजावलं की एकदा बोललेलं असं बदलता येत नाही, काकू. आहे तसंच ठेवावं लागतं.

"मग शर्टातच करायला हवं," आई म्हणाली.

तिने कपाट उघडलं. निळा शर्ट सगळ्यात खाली होता, घडी केलेला, बाह्यांवर दुमडीच्या रेषा अजून तशाच. खिडकीपाशी बसून तिने ब्लेडच्या पात्याने कफ उसवायला घेतला, चाचपत चाचपत, कारण टाके तिला दिसत नव्हते. वाढत्या मुलाचा कपडा, म्हणून शिवणीत जास्तीचं कापड सोडलेलं होतं. शिंपी त्याला माया म्हणतात. ते आत दुमडून बसलं होतं, बाहेरच्यापेक्षा गडद निळं. आईने ते इस्त्रीने सरळ केलं आणि सुई ताईपुढे धरली.

"दोरा ओव."

चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सुईचं नेढं दिसेना. तिने तीनदा प्रयत्न केला. शेवटी रेकॉर्डवाल्याने जाकिटाला हात पुसून दोरा ओवून दिला. आई मान खाली घालून टाके घालत राहिली, आणि जेवण निवत राहिलं. दुसऱ्या बाहीची शेवटची गाठ मारून झाल्यावर तिने टेपचं एक टोक शर्टाच्या खांद्यावर धरलं आणि दुसरं ताईच्या हातात दिलं.

"सांग किती भरते."

ताईने टेप कफापर्यंत नेली. "पंचवीस."

"नीट बघून सांग," आई म्हणाली.

ताईने डोळे पुसले आणि पुन्हा मोजलं.